एक्स्टर्नल हार्ड डिस्क: जोडणी, फॉरमॅट आणि रोजचा वापर

एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या खोक्यात डिस्क, एक आखूड केबल आणि बारीक अक्षरांतले माहितीपत्रक याखेरीज फारसे काही नसते. केबल लावली की डिस्क संगणकावर दिसू लागते, त्यामुळे ते माहितीपत्रक उघडण्याची वेळ बहुतेकांवर येतच नाही. अडचणी येतात त्या काही दिवसांनी. लग्नाच्या व्हिडिओची मोठी फाइल डिस्कवर उतरत नाही, मॅकवर डिस्क उघडते पण तिच्यात काही साठवता येत नाही, कॉपी चालू असताना डिस्क मध्येच नाहीशी होते, किंवा एके दिवशी डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल अशी सूचना पडद्यावर येते आणि वर्षानुवर्षांचे फोटो गेले असे वाटून हातपाय गळतात. यांतील बऱ्याच प्रसंगी डिस्कमध्ये काहीही बिघडलेले नसते. दोष केबलचा, अपुऱ्या विजेचा किंवा न जुळणाऱ्या फॉरमॅटचा असतो. म्हणून येथे या तीन गोष्टींवर सर्वाधिक भर दिला आहे. विवेचन मुख्यतः विंडोजच्या संदर्भात आहे. मॅक आणि लिनक्स जेथे वेगळे वागतात तेथे तसे नमूद केले आहे.

हातात कोणती डिस्क आहे

तळहातावर मावणारी, वेगळ्या अॅडॅप्टरशिवाय चालणारी पोर्टेबल डिस्क बहुधा अडीच इंची असते. टेबलावर ठेवायची, जाडजूड आणि भिंतीतल्या सॉकेटमधून वीज घेणारी डिस्क साडेतीन इंची असते. या दोन्हींच्या आत चकचकीत तबकड्या फिरतात. पोर्टेबल डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचणारे-लिहिणारे हेड त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. डिस्क चालू असताना ती उचलून दुसरीकडे ठेवणे, उभी असलेली आडवी करणे किंवा लॅपटॉपला लोंबकळत ठेवणे का टाळावे, हे एवढ्यावरून लक्षात येईल. एसएसडी या नावाने मिळणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. ती वेगवान आणि धक्का सोसणारी असते, मात्र तेवढ्याच क्षमतेसाठी तिची किंमत बरीच अधिक पडते. नेहमी सोबत बाळगायची असेल किंवा तिच्यावरूनच व्हिडिओचे संकलन करायचे असेल तर एसएसडी घ्यावी. वर्षभराचे फोटो आणि कागदपत्रे साठवून कपाटात ठेवायची असतील तर फिरत्या तबकडीची डिस्क पुरेशी आहे. किंबहुना दीर्घकाळ वीज न देता ठेवून द्यायची असेल तर तीच अधिक योग्य आहे, कारण एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि वापराने झिजलेल्या एसएसडीतील हा भार विजेविना हळूहळू उतरत जातो.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेली साटा (संगणकाच्या आत डिस्क जोडण्याची पद्धत) हार्ड डिस्क किंवा एसएसडी केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबी जोडणी असलेल्या आवरणात घालून ती एक्स्टर्नल म्हणून वापरण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे, आणि ती चांगलीच आहे. याच्या उलट करणे मात्र दरवेळी शक्य नसते. अनेक तयार पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच जोडलेले असते, त्यामुळे सॉकेट खिळखिळे झाले म्हणून आवरण फोडून आतली डिस्क संगणकाला साटाने जोडावी असा बेत केला, तर आत साटाची जोडणीच नसल्याचे आढळते. त्या सॉकेटवर ताण येऊ न देणे हाच त्यावरचा उपाय आहे.

खरेदीनंतर एक शंका हमखास विचारली जाते. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी एवढीच दिसते. यात कोणी फसवलेले नसते. डिस्कचे उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच हा फरक आहे. मॅक हजाराच्या पटीत मोजत असल्यामुळे तीच डिस्क तिथे १ टीबी दिसते. खरी फसवणूक वेगळीच असते. ऑनलाइन बाजारात १६ टेराबाइटची एसएसडी किरकोळ किमतीला विकायला ठेवलेली दिसते; तिच्या आत बहुधा छोटे मेमरी कार्ड आणि खोटी क्षमता सांगणारी चिप असते. अशी डिस्क फाइली घेताना तक्रार करत नाही, परंतु खरी जागा संपल्यावर आधीच्या मजकुरावरच लिहीत सुटते. क्षमतेविषयी शंका असल्यास एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने रिकामी डिस्क पूर्ण भरून आणि परत वाचून तपासता येते. त्याला वेळ लागतो, पण विक्रेत्याकडे परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच हे काम उरकावे.

केबल, पोर्ट आणि वीज

यूएसबी २.० हे मानक २००० साली आले आणि त्याची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट आहे (आठ बिट म्हणजे एक बाइट). २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ची गती ५ गिगाबिट आहे. प्रत्यक्ष वापरात पहिल्यावर सेकंदाला साधारण ३५ मेगाबाइट मिळतात. दुसऱ्यावर डिस्कचा स्वतःचा वेग हीच मर्यादा ठरते आणि फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क शंभर-सव्वाशे मेगाबाइटपर्यंत जाते. हिशेब करून पाहिल्यास १०० जीबीच्या फोटोंना जुन्या पोर्टवर सुमारे ४८ मिनिटे आणि नव्या पोर्टवर १३ ते १७ मिनिटे लागतात. याहून वेगवान, १० किंवा २० गिगाबिटच्या पोर्टचा लाभ फक्त एसएसडीला होतो. हार्ड डिस्कसाठी त्यावर पैसे खर्च करू नयेत.

यूएसबी ३.० चे पोर्ट अनेकदा आतून निळे असते, परंतु सर्वच उत्पादक हा संकेत पाळत नाहीत. पोर्टेबल डिस्कच्या बाजूला बहुधा रुंद, मध्ये खाच असलेले मायक्रो-बी सॉकेट असते. त्याच्या मोठ्या अर्ध्या भागात जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबलही बसते आणि डिस्क चालतेही, पण यूएसबी २.० च्या गतीने. मूळ केबल सापडत नसताना किंवा ती खराब झाल्याचा संशय असताना ही सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे. टाइप-सी केबलच्या बाबतीत आकारावर विश्वास ठेवू नये. फोनच्या चार्जरसोबत मिळणाऱ्या टाइप-सी केबलमधून बहुधा यूएसबी २.० एवढाच डेटा जातो. डिस्कसोबत आलेली केबल वेगळी ओळखू यावी म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहून ठेवणे बरे. आणखी एक बारकावा असा की, टाइप-ए (नेहमीचा चपटा, आयताकृती) प्लग फार सावकाश आत सरकवला तर पुढच्या बाजूच्या जुन्या चार पिना आधी टेकतात आणि संगणक त्या जोडणीला यूएसबी २.० समजून बसतो. डिस्क अकारण मंद वाटल्यास ती रीतसर काढून प्लग एका दमात पूर्ण आत बसवावा.

विजेचा प्रश्न गतीपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर वीज मिळते आणि यूएसबी ३.० मधून ९००. थांबलेल्या तबकड्यांना फिरवण्याच्या क्षणी डिस्कला सर्वाधिक वीज लागते. ती कमी पडली की दिवा लुकलुकतो, बारीक टकटक ऐकू येते आणि विंडोजचा डिस्क जोडल्याचा व सुटल्याचा आवाज आलटून पालटून येत राहतो. अशा वेळी डिस्क गेली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. डेस्कटॉप असल्यास पुढचे पोर्ट सोडून मागच्या बाजूचे, थेट मदरबोर्डावरचे पोर्ट वापरावे, कारण पुढचे पोर्ट आतून लांब तारेने जोडलेले असते आणि त्या तारेत विजेचा दाब थोडा घटतो. एक्स्टेन्शन केबल काढून टाकावी. एकाच लॅपटॉपला माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि दोन डिस्क लावायच्या असतील तर स्वतःचा अॅडॅप्टर असलेला हब घ्यावा. अॅडॅप्टर नसलेला हब एकाच पोर्टची वीज सर्वांमध्ये वाटतो. मोबाइलला ओटीजीने (फोनला यूएसबी साधने जोडणाऱ्या केबलने) हार्ड डिस्क जोडल्यावर ती चालत नाही, यामागेही अनेकदा विजेचा हाच तुटवडा असतो.

साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अॅडॅप्टर लागतो आणि तो सहसा १२ व्होल्टचा असतो. घरात लॅपटॉप, राउटर आणि सेट टॉप बॉक्स यांचे अॅडॅप्टर एकाच खणात पडलेले असतात आणि त्यांतल्या काहींच्या पिना एकमेकांत चपखल बसतात; लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अॅडॅप्टर डिस्कला लावल्यास तिचे सर्किट जळू शकते. अॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट डिस्कवर छापलेल्या व्होल्टशी जुळत असल्याची खात्री करावी, अँपिअर समान किंवा अधिक असावेत आणि पिनेची ध्रुवता दाखवणारे चिन्हही सारखे असावे. भारनियमन होणाऱ्या गावी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. लॅपटॉपला बॅटरी असते, साडेतीन इंची डिस्कला नसते. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क लिहिता लिहिता बंद पडते, म्हणून ती डिस्क यूपीएस किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवरच लावावी.

डिस्क जोडल्यावर वायरलेस माउस अडखळू लागला तर तो योगायोग नसतो. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि बहुतेक वायरलेस माउसचे रिसीव्हर, तसेच जुन्या पद्धतीचे वायफाय, त्याच पट्ट्यात चालतात. माउसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावला की बहुधा हा त्रास थांबतो.

पहिल्यांदा जोडल्यावर

नवी डिस्क जोडल्यावर फाइल एक्सप्लोररमध्ये धिस पीसी या ठिकाणी एखाद्या अक्षरासह तिचे नाव दिसते. तिच्यावर उत्पादकाने घातलेला प्रोग्राम चालवलाच पाहिजे असे नाही; डिस्क वापरण्यासाठी त्याची गरज नसते.

डिस्क तेथे दिसत नसेल तर स्टार्ट बटनावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. तेथे खालच्या भागात संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्क आडव्या पट्ट्यांच्या रूपात दिसतात. केसिंगमध्ये घातलेली अगदी कोरी डिस्क असेल तर ती इनिशिअलाइज करायची का असे विचारले जाते. डिस्कच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या एमबीआर आणि जीपीटी या दोन पर्यायांपैकी जीपीटी निवडावा. जुन्या एमबीआर पद्धतीत सामान्यपणे २ टेराबाइटच्या पुढची जागा वापरताच येत नाही. त्यानंतर काळ्या पट्टीने दाखवलेल्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून नवा व्हॉल्यूम तयार करावा. मात्र हे सर्व केवळ कोऱ्या डिस्कसाठी आहे. जिच्यात पूर्वी फाइली होत्या अशा डिस्कबाबत हीच सूचना आली तर काहीही न निवडता खिडकी बंद करावी. तिचे पुढे काय करायचे ते शेवटाकडे सांगितले आहे.

कधीकधी पट्टी निळी व निरोगी दिसते, पण तिला अक्षरच मिळालेले नसते. कार्यालयातील संगणकांवर नेटवर्कच्या फोल्डरांनी अक्षरे अडवलेली असतात, तेथे हे विशेषकरून घडते. उजव्या क्लिकमधून ड्राइव्हचे अक्षर बदलण्याचा पर्याय घेऊन वर्णमालेच्या मध्यावरचे एखादे मोकळे अक्षर द्यावे. बॅकअपचे प्रोग्राम डिस्क अक्षरावरून ओळखत असतील तर एकदा दिलेले अक्षर पुन्हा बदलू नये.

फॉरमॅटची निवड

फॉरमॅट म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची नोंदवही कोणत्या पद्धतीने ठेवायची त्याचा नियम. प्रत्येक संगणकप्रणालीला सगळ्या पद्धती येत नाहीत, आणि पद्धत बदलायची तर डिस्क पुसावी लागते, म्हणून हा निर्णय डिस्क भरण्याआधी घ्यावा.

फक्त विंडोज संगणकांवर वापर होणार असेल तर एनटीएफएस उत्तम. १९९३ पासून चालत आलेल्या या पद्धतीत फाइलींच्या नोंदींमधील बदलांची टाचणवही ठेवली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी डिस्कची रचना सावरण्याची शक्यता चांगली असते. मॅक मात्र एनटीएफएस डिस्क केवळ वाचतो. तिच्यावर लिहिण्यासाठी वेगळा प्रोग्राम घ्यावा लागतो. डिस्क उघडते पण फाइल टाकता येत नाही, या तक्रारीचे उत्तर बहुधा हेच असते. विंडोज आणि मॅक दोन्हींवर डिस्क फिरणार असेल तर एक्सफॅट निवडावा. त्यात फाइलीच्या आकाराची अडचण येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये या पद्धतीचे तपशील खुले केल्यानंतर लिनक्सच्या गाभ्यातही ती समाविष्ट झाली आहे. तिची उणीव अशी की वर सांगितलेली टाचणवही तिच्यात नसते, म्हणून एक्सफॅट डिस्क झटकन उपटण्याची सवय अधिक महागात पडते. फॅट३२ ही जुनी आणि जवळपास प्रत्येक उपकरणाला कळणारी पद्धत असली, तरी तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असताना जागा नाही किंवा फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो तो यामुळेच. केवळ मॅकसाठी वापरायची डिस्क एपीएफएस पद्धतीने फॉरमॅट करता येते, परंतु ती विंडोजवर आपोआप उघडत नाही.

फॉरमॅट करण्यासाठी विंडोजमध्ये डिस्कवर उजवी क्लिक करून फॉरमॅट निवडावे, फाइल सिस्टिम ठरवावी, जागेच्या वाटपाचा आकार आहे तसाच राहू द्यावा आणि क्विक फॉरमॅटची खूण ठेवून काम सुरू करावे. मॅकवर हेच काम डिस्क युटिलिटी करते. बटन दाबण्यापूर्वी डिस्कचे नाव आणि आकार मोठ्याने वाचावा, असे मी शिकवताना नेहमी सांगतो. हसू येते खरे, पण दोन सारख्या डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असताना चुकीची पुसली जाण्याचा धोका यामुळे टळतो. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे दुसरी डिस्क तेवढ्यापुरती काढूनच ठेवणे.

टीव्हीबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. चित्रपट पाहण्यासाठी टीव्हीला डिस्क लावल्यावर काही टीव्ही कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगसाठी ती तयार करायची का असे विचारतात, आणि होकार दिल्यास संपूर्ण डिस्क पुसून स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतात. घरातील लहानांच्या हाती रिमोट असतो. कौटुंबिक फोटोंची डिस्क टीव्हीला लावूच नये. त्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा.

फाइली नेताना

फाइली कट करून डिस्कवर पेस्ट करणे टाळावे. आधी कॉपी करावी, मग मूळ फोल्डर आणि नवा फोल्डर या दोन्हींच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या व एकूण बाइट जुळतात का ते पाहावे, दोन-चार फाइली डिस्कवरून उघडून पाहाव्यात, आणि त्यानंतरच जागा मोकळी करण्याचा विचार करावा. टेराकॉपीसारखा प्रोग्राम कॉपीनंतर प्रत्येक फाइल पडताळून देतो. मौल्यवान संग्रहासाठी तो जरूर वापरावा.

हजारो बारीक फाइली एका मोठ्या फाइलीपेक्षा फार सावकाश जातात, कारण प्रत्येकीची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. अशा फोल्डरांची झिप करून पाठवल्यास वेळ वाचतो. पोर्टेबल डिस्कची गती सुरुवातीला चांगली असते आणि पन्नास-शंभर जीबीनंतर एकदम कोसळते, हेही पुष्कळांच्या अनुभवाचे आहे. आजच्या अनेक पोर्टेबल डिस्क एकमेकांवर अंशतः चढवलेल्या पट्ट्यांमध्ये लिहितात. त्यामुळे जागा वाचते, परंतु एका पट्टीत बदल करताना शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात आणि दीर्घ कॉपीत डिस्कला धाप लागते. हा बिघाड नव्हे. कॉपी रात्री लावून ठेवावी आणि तेवढ्यापुरती संगणकाची झोपी जाण्याची सेटिंग बंद करावी.

मराठीतून जुने काम साठवणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टंकलेला मजकूर त्या फॉन्टाशिवाय वाचता येत नाही. नुसती फाइल उरली तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. छापखान्यांचे, दिवाळी अंकांचे आणि संस्थांच्या इतिवृत्तांचे असे कितीतरी संग्रह आजही डिस्कवर पडून आहेत. त्यांची प्रत काढताना वापरलेले फॉन्ट त्याच फोल्डरात ठेवावेत आणि प्रत्येक दस्तऐवजाची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफही सोबत करून ठेवावी.

डिस्क काढण्याची रीत

कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणजे सर्व मजकूर डिस्कवर पोचलाच असे नाही. संगणक काही भाग आपल्या स्मृतीत थांबवून सवडीने लिहू शकतो. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अद्ययावत आवृत्तीपासून यूएसबी डिस्कसाठी क्विक रिमूव्हल हे धोरण मूळचेच लागू असते आणि त्यात असे थांबवणे टाळले जाते, पण याचा अर्थ केव्हाही उपटावी असा होत नाही. अँटिव्हायरस किंवा फाइलींची सूची बनवणारी सेवा त्याच क्षणी डिस्कवर काही लिहीत असू शकते. टास्कबारवरील यूएसबीच्या चिन्हातून इजेक्ट करावे, फिरत्या तबकड्या शांत होईपर्यंत काही सेकंद थांबावे, आणि मगच केबल काढावी. तीही तारेला न ओढता प्लगला धरून.

डिस्क वापरात आहे असे सांगून विंडोज नकार देत असेल तर तिच्यावरची उघडी कागदपत्रे, फोटो दाखवणारे प्रोग्राम आणि एक्सप्लोररच्या खिडक्या बंद कराव्यात. तरीही ऐकत नसेल तर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. संगणक पूर्ण बंद करावा आणि नंतर डिस्क काढावी. संगणक नुसता स्लीपमध्ये टाकून डिस्क काढणे मात्र चुकीचे आहे, कारण जागा झाल्यावर तो डिस्क तेथेच असल्याचे धरून चालतो.

बॅकअप कशाला म्हणावे

संगणकात जागा नाही म्हणून सर्व फोटो एक्स्टर्नल डिस्कवर हलवले, तर त्याला बॅकअप म्हणता येत नाही. फोटो एकाच ठिकाणी होते आणि आताही एकाच ठिकाणी आहेत, फक्त ते ठिकाण अधिक सहज पडू शकणारे आणि हरवू शकणारे आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम येथे उपयोगी पडतो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. घरगुती वापरात याचा अर्थ संगणकावर एक, एक्स्टर्नल डिस्कवर एक आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे, असा घेता येईल. दुसऱ्या जागेचा आग्रह अनेकांना अतिरेकी वाटतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत आणि दुकानांत संगणक व त्याशेजारी ठेवलेला बॅकअप असे दोन्ही एकाच पाण्याखाली जाण्यासारखी स्थिती होती.

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील फाइल हिस्टरी आणि मॅकवरील टाइम मशीन ही साधने डिस्क जोडल्यावर बदललेल्या फाइलींची प्रत आपोआप घेतात आणि जुन्या आवृत्त्याही सांभाळतात. टाइम मशीनसाठी निवडलेली डिस्क मॅक बहुधा पुसायला सांगतो, म्हणून तिच्यावर आधीचे काही ठेवू नये. बॅकअपची डिस्क कायम जोडलेली ठेवू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खंडणीखोर व्हायरस संगणकातील फाइली कुलूपबंद करतात तेव्हा त्या क्षणी जोडलेली प्रत्येक डिस्कही त्यांच्या तावडीत सापडते. आठवड्यातून एक वार ठरवावा, डिस्क जोडावी, प्रत घ्यावी, काढून ठेवावी.

डिस्क प्रवासात सोबत जात असेल आणि तिच्यात पॅन, आधार, बँकेची कागदपत्रे असतील तर ती सांकेतिक रूपात ठेवावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर ही सोय आहे; होम आवृत्तीत अशी डिस्क तयार करता येत नाही, पण तयार झालेली पासवर्ड देऊन उघडता येते. तयार करताना मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून घ्यावी आणि ती डिस्कच्या पाकिटात ठेवू नये. पासवर्ड आणि ही की दोन्ही हरवल्यास कोणतेही दुकान डिस्क उघडून देऊ शकत नाही.

डिस्क दिसेनाशी झाली तर

आधी पोर्ट बदलावे, मग केबल बदलावी, मग दुसऱ्या संगणकावर लावून पाहावे, आणि हे सर्व झाल्यावर डिस्क मॅनेजमेंट उघडावे. हा क्रम सोडू नये. तेथे डिस्कचा योग्य आकार दिसत असेल आणि पुढे रॉ असे लिहिलेले असेल, तर फाइलींची नोंदवही विस्कटली आहे, फाइली बहुधा जागच्या जागी आहेत. फॉरमॅट करण्याच्या प्रत्येक सूचनेला कॅन्सल म्हणावे. मॅकसाठी फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला लावली तरीही हीच सूचना येते, म्हणून ती डिस्क मुळात कोठे वापरली जात होती हे आठवून पाहावे.

डिस्क उघडत असेल, पण अडखळत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामने तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद वाचावी. त्यात बदली दिलेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) किंवा तपासणीसाठी थांबलेल्या सेक्टरांचा आकडा शून्यापेक्षा जास्त असून वाढत चालला असेल, तर डिस्कचा निरोप जवळ आला आहे. केवळ सीआरसी चुकांचा, म्हणजे माहिती जाता-येताना होणाऱ्या चुकांचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा जोडणीचा असतो. आजारी डिस्कवर आधी दुरुस्तीचा प्रोग्राम चालवणे, हे घरोघरी दिसणारे चुकीचे पाऊल आहे. तो संपूर्ण डिस्कवर हिंडतो, तिला दमवतो आणि मोडक्या नोंदी कधी कधी कायमच्या पुसून टाकतो. प्रथम ज्या फाइली पुन्हा मिळणार नाहीत त्या काढून घ्याव्यात, दुरुस्ती नंतर.

आणि डिस्क ठरावीक लयीत खट् खट् आवाज करत असेल, पोर्ट व केबल बदलूनही तो थांबत नसेल, तर ती लगेच बंद करावी. आतले हेड निखळलेले असल्यास प्रत्येक सेकंदाला ते तबकडी खरवडत असते. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला ओल धरण्यापलीकडे काही साधत नाही, आणि तशाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड लावण्याचा उपायही आता सहसा चालत नाही, कारण त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास जुळणी नोंदलेली असते. माहिती खरोखर अमोल असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या पुनर्प्राप्ती केंद्राकडेच जावे, आणि डिस्क उघडण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज मागावा.

साठवण आणि निरोप

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातील दमट हवा डिस्कच्या जोडण्यांना गंज चढवते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह डिस्क ठेवावी आणि पुड्या ओल धरल्यावर बदलाव्यात. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क तासभर तशीच राहू द्यावी. आत दव धरलेले असताना तबकड्या फिरवू नयेत. वापर नसला तरी काही महिन्यांनी एकदा डिस्क जोडून फाइली उघडून पाहाव्यात.

डिस्क विकायची किंवा कोणाला द्यायची झाल्यास क्विक फॉरमॅटवर विसंबू नये, कारण त्याने केवळ नोंदवही पुसली जाते आणि फाइली सहज परत काढता येतात. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये क्विकची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्ये लिहितो. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात, पण फिरत्या तबकडीच्या डिस्कसाठी तो पुरेसा आहे. एसएसडीमध्ये काही जागा विंडोजला दिसतच नाही, म्हणून तिच्यासाठी उत्पादकाचा सुरक्षित पुसण्याचा प्रोग्राम वापरावा, किंवा पहिल्या दिवसापासून बिटलॉकर लावलेला असल्यास ती फॉरमॅट करून रिकव्हरी कीच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात.